नातीच्या गादीचा कापूस

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत, मधल्या खोलीत खाटेच्या उंचीपर्यंत, आणि उरलासुरला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात. भाव पडले होते. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत अख्ख्या गावानं माल घरात दाबून ठेवला होता. आमच्या घाटंजीकडे तेव्हा कोणाच्याही दारात जा, आधी पांढरा डोंगर दिसायचा आणि मग त्याच्या मागून घरधनी बाहेर यायचा. आम्ही त्या डोंगराला पाठ टेकून टीव्ही पाहत होतो, त्याच्याच पायथ्याशी जेवत होतो. ऊन तापायला लागलं तशी अंगाला खाज सुटली. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायका पोटऱ्या खाजवत एकमेकींना विचारायच्या, तुमच्याकडंही हाय का वं? सगळ्यांकडेच होतं. म्हणून त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

अशा घरात माझी लेक नागपूरहून पहिल्या बाळंतपणाला आली. नात झाली. गोरी नाही, सावळी नाही, आमच्या तुरीच्या डाळीच्या रंगाची. दीडेक महिना बरा गेला आणि मग तिच्या मानेवर, काखेत, मांडीच्या वळ्यांत लाल पुरळ उठलं. रात्र-रात्र रडायची. यवतमाळच्या डॉक्टरीण बाईंना दाखवलं. त्यांनी मलम दिलं, आणि सांगितलं की नेमकं कशानं झालं ते मी सांगू शकत नाही, पण बाळाला साध्या, धुतलेल्या, बिनरंगाच्या सुती कपड्यात ठेवा. मग विचारलं, घरात कापूस साठवलाय का? आम्ही दोघी मायलेकी एकमेकींकडे पाहायला लागलो. कापूस साठवला नाही असं घर आमच्या गावात त्यांनीच दाखवावं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी, म्हणजे पोरीच्या बापानं, मधली खोली रिकामी केली. सगळा कापूस मांडवात नेऊन टाकला, वरून ताडपत्री बांधली. एवढ्या उन्हात एकट्यानं. ते तसे वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर पुष्कळ चिडणार आहे.

आता आमच्याकडची रीत अशी की पहिल्या लेकराची गादी आणि उशी मामाच्या घरून जाते. पाळणा सासरचा, गादी माहेरची. आणि गादीतला कापूस घरचा असावा लागतो, विकत आणलेला चालत नाही. माझ्या आईनं माझ्या पहिल्या लेकरासाठी अशीच गादी दिली होती, तिच्या आईनं तिला. घरात कापूस असलेल्या माणसानं दुकानातली गादी द्यायची म्हणजे विहीर असून शेजाऱ्याकडे पाणी मागायचं. मी तर लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासूनच चांगली पांढरीशुभ्र बोंडं बाजूला काढून ठेवली होती.

ती मी लेकीला दाखवली. तिनं मुलीला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई, या कापसाची नको."

"मंग कायची करू?"

"ज्याले फवारा लागला नाई अशा कापसाची."

दारात बसलेले आमचे हे हसले. म्हणाले, फवाऱ्याबिगर कापूस आपल्या जिल्ह्यात? थो तं चंद्रावरून आणा लागन.

त्यांचं हसणं खोटं नव्हतं. पाकिटातलं बियाणं आल्यावर सुरुवातीला म्हणे फवारा लागणारच नव्हता. मग लागला. मग गुलाबी अळी आली आणि पाठीवरचा पंप उतरेनासा झाला. फवारता फवारता आमच्याच जिल्ह्यातली माणसं दवाखान्यात गेली, काही परत आली नाहीत. हे सगळं लेकीनं नागपुरात पेपरात वाचलेलं, आम्ही शेजारी पाहिलेलं. तिला मी काय समजावणार होते? तिचं मागणं मला पटलं, पण ते पुरं कुठून करायचं, ते मला कळेना.

मी म्हटलं, ठीक आहे, रीत मोडू, विकत आणू. पैसा टाकला की मिळत नाही असं काय आहे जगात?

गेले यवतमाळला. आधी कापडाची दुकानं पाहिली. लेकराची गादी दाखवा म्हटलं की सगळे तीच दाखवायचे, वर अस्वलाचं चित्र, आत फोम, खाली प्लास्टिक. साधी सुती दाखवा म्हटलं की म्हणायचे, हीच सुती आहे. माझ्या पिशवीत काडेपेटी असते. मी कडेचा एक धागा तोडला आणि दुकानाच्या पायरीवर जाळून पाहिला. सूत जळलं की राख होते, बोटानं चोळली की उडून जाते. हा धागा वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. दुकानदार धावत बाहेर आला. म्हणाला, बाई, दुकानाले आग लावता का? मी म्हटलं, तू लेकराच्या अंगाखाली प्लास्टिक घालून राह्यला त्याचं काय? तो म्हणाला, सगळा गाव हेच नेते. तेही खरंच होतं.

मग गादीवाल्याकडे गेले. हा आमच्या गावात धनुकली घेऊन यायचा, लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचा. आता त्याचं यंत्र आहे आणि धंदा सगळा फोमचा. तो मला ओळखून होता, चहा पाजला. पण किलोभर कापसासाठी यंत्र लावायला तयार नव्हता. "काकी, मशीनमंदी आधीचंच भुसकट अडकून रायते. तुमचा कापूस कितीबी चोखा असू द्या, बाहेर निघताना सगळ्यायचा होऊन निघन." निदान खरं बोलला.

बसस्टँडकडून आत गेलं की एक नवीन दुकान निघालं होतं, पाटीवर हिरवं पान काढलेलं. लेकीनंच सांगितलं होतं, तिथं सगळं नैसर्गिक मिळते म्हणून. मी मोठ्या आशेनं आत गेले. बांबूचा ब्रश होता. प्लास्टिकच्या डबीत रिठे होते. शेणाचा साबण होता, त्याला गुलाबाचा वास. काउंटरवरच्या पोराला मी म्हटलं, बाबू, बिनफवाऱ्याच्या कापसाची लेकराची गादी पाहिजे. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. सुंदर गादी होती, खोटं बोलणार नाही. मी विचारलं, कापूस कुठला? त्यानं वाचून सांगितलं, दुसऱ्या राज्यातला.

"अन् आपल्याकडचा काहून नाई?"

"आपल्याकडच्याले प्रमाणपत्र नाई न काकू."

बरं, नसू दे. तीच मागव म्हटलं. किंमत ऐकून मी स्टुलावर बसले, पण हो म्हटलं, नातीपेक्षा जास्त काय आहे? त्यानं आमच्या गावचा पिन घातला. ती वस्तू तिथं येतच नव्हती. यवतमाळला मागवली तर कधी येईल सांगता येत नव्हतं. नागपूरला मात्र लगेच येत होती. म्हणजे आमच्या घरात पांढरा डोंगर, आणि गादीभर स्वच्छ कापूस हवा तर तो परमुलखातून नागपूरला येणार, आमच्या गावाच्या डोक्यावरून. मला त्या पोरावर राग काढायचा नव्हता, त्याचा काय दोष? मी एक रिठ्याची डबी घेतली आणि बाहेर आले. घरी येऊन पाहते तर निम्म्या रिठ्यांना बुरशी.

एस.टी.त खिडकीशी बसून मी दोन्हीकडची वावरं पाहत होते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचून ठेवलेल्या, मैलोन्‌मैल. या एवढ्या रानातून माझ्या नातीच्या पाठीएवढी चोखी जागा निघू नये?

आणि गावात उतरून घरचं फाटक उघडलं तर समोर देवकापूस.

हे झाड पुष्कळ अंगणांत असतं. वावरातल्या कापसासारखं वर्षाचं नसतं, चांगलं डोक्याच्या वर वाढतं, वर्षानुवर्षं राहतं. त्याचा कापूस विकत नाहीत. बायका देवाच्या वातींपुरता काढतात. बियाणं पाकिटातलं नाही, खत नाही, काही नाही. माझं झाड सासूबाईंनी लावलेलं, पांढरकवड्याकडच्या एका कोलाम आदिवासी बाईनं त्यांना बी दिलं होतं. मी तिथंच पिशवी टाकून लेकीला हाक मारली. ती बाहेर आली, झाडाकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

एका झाडाच्या कापसानं गादी भरत नाही. मग मी घरोघर फिरले. ज्या ज्या घरी देवकापूस होता त्या बायकांना म्हटलं, यंदाच्या वाती मला द्या. कोणी नाही म्हटलं नाही. कोणी पदरात दिला, कोणी साखरेच्या पिशवीत, कोणी डब्यात. समोरच्या घरची म्हातारी तिचा मूठभर घेऊन आली आणि ओट्यावर बसत म्हणाली, "देवाले अंधारात ठेवून नातीले गादी करून राह्यली. देव पायते बरं."

मी म्हटलं, पाहू दे, त्याले तरी फवारा चालते का ते विचारा.

दुपारी आम्ही सरक्या काढायला बसायचो. देवकापसाच्या सरक्या एकमेकींना चिकटून असतात, मक्याच्या कणसासारख्या. बोटानं अलगद ओढलं की तंतू सुटून येतो. हळू काम आहे. पण त्या दुपारी चांगल्या गेल्या. म्हातारी मध्ये बसून गावातल्या सगळ्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायची, त्यातल्या निम्म्या पुरुषांसमोर सांगण्यासारख्या नव्हत्या. आमचे हे आत आले की ती गप्प व्हायची आणि ते बाहेर गेले की सुरू. लेक हसून हसून लाल व्हायची. नात झोळीत आमचा गलका ऐकत पडायची. यंत्र नाही तर नाही, मी वेताच्या छडीनं कापूस झोडून मोकळा केला. खोळीसाठी सासऱ्यांचं जुनं धोतर निघालं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ते उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं, हातानं शिवलं.

गादी झाली तेव्हा पाहण्यासारखी झाली होती. छोटीशी, टम्म, चार ठिकाणी टाके घातलेली. मी ती जमिनीवर अंथरली, लेकीनं मुलीला आणून तिच्यावर ठेवलं. मुलीनं पाय झाडले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि गप पडून राहिली. म्हातारी माझ्या झाडाचा उरलेला कापूस बोटांत चोळत होती. म्हणाली, काय जपलं वं झाड तू, एक बोंड किडकं नाई. आमच्या झाडाले तं लाल किडे सारे पिवळे डाग पाडून ठेवते.

दारातून आमचे हे म्हणाले, "थे कायची जपते? जपलं तं मी. पंपात खाली उरलं की त्याच झाडाले मारत होतो. इच्या वातीले किडा लागू नये म्हणून."

मोठ्या कौतुकानं म्हणाले. माणूस बायकोसाठी काहीतरी करतो, सांगत नाही, आणि एक दिवस चारचौघांत सांगायची संधी येते, तसं.

लेकीनं खाली वाकून मुलीला उचललं. गादीपासून दोन पावलं मागं सरली. 

मी विचारलं, "कितीक खेपा मारलं?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. म्हणाले, जितक्या खेपा वावरात मारलं तितक्या खेपा. हरभऱ्याले मारलं तवाबी. अन् आता त्याले महिने झाले, काय रायलं असन त्यात? मी म्हटलं, राहिलं नसेल हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, अन् राह्यलं हे तुले कोणं सांगतलं? दोघांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही ते औषध म्हणूनच आणतो, औषध म्हणूनच बोलतो. महागाचं असतं, तळाशी उरलेलं ओतून द्यायला जीव होत नाही.

मी तशीच चपला घालून निघाले. ज्यांनी ज्यांनी कापूस दिला होता त्या सगळ्या घरी गेले. तुमच्या अंगणातल्या झाडाला पंपातलं उरलेलं मारता का? कोणी म्हणे, आम्ही नाई, पण यायले विचारा. त्यांच्या घरधन्यांना विचारलं की ते म्हणत, हो, कधीमधी. एक म्हणाला, वांग्यालेबी मारतो काकू, मिरचीलेबी, वाया कायले जाऊ द्याचं? सगळ्या गावाची एकच तऱ्हा. जे वाचवायचं ते अंगणात, बायकोच्या झाडावर. फक्त म्हातारीच्या झाडाला कधी काही लागलेलं नव्हतं, कारण तिच्या घरी पंपच नव्हता. तिचा तो डाग पडलेला मूठभर कापूस तेवढा चोखा. आणि तो आता बाकीच्यात मिसळून, झोडून, एकजीव झालेला.

घरी येऊन मी गादीचे टाके उसवले. लेक म्हणाली, राहू दे आई, धुऊन पाहू. पण तिनं मुलीला त्यावर पुन्हा ठेवलं नाही, आणि मीही ठेवू शकले नसते. डॉक्टरीण बाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, मला तपासता येत नाही, पण शंका असेल तर वापरू नका. म्हणजे पुन्हा आमच्यावरच. विचारावं तिथं हेच. दुकानात म्हणतात प्रमाणपत्र नाही, डॉक्टर म्हणतात तपासता येत नाही, आणि औषधाच्या डब्यावर जे लिहिलंय ते इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही वाचता येत नाही. मी चिडले होते ते आमच्या ह्यांच्यावर कमी आणि या सगळ्यावर जास्त. पण समोर हेच होते, म्हणून ऐकलं त्यांनीच.

त्या रात्री त्यांनी तो सगळा कापूस गोळा करून स्वतःच्या उशीत भरला. रोज सकाळी उठले की मान माझ्यापुढे करायचे. "पाय. काई झालं का?" काही झालेलं नसायचं. मी म्हणायची, तुमची कातडी बैलाची आहे. मग लेकीकडे पाहायचे, तीही काही झालं नाही हे पाहायची, पण मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. त्यांना बिचाऱ्यांना वाटत असेल, आज नाही तर उद्या ही म्हणेल की चालेल बाबा. ती म्हणाली नाही. पुरळ कमी व्हायचं, पुन्हा उठायचं.

पावसाच्या आधी जावई न्यायला आले. पाळणा नागपूरला वाट पाहत होता. गाडीत साडीचोळी, लाडू, शेवया, मुलीची झबली सगळं भरलं. गादी नव्हती. माझ्या हातात नुसती खोळ होती, पुन्हा उकळलेली, पुन्हा शिवलेली, एक बाजू उघडी. मी लेकीला म्हटलं, ही घेऊन जा. तिकडं तुझ्या त्या दुकानवाल्याची मोबाइलवरची गादी आली की तिला घाल. माहेरचं निदान कापड तरी.

लेकीनं घेतली. पण आमचे हे मध्ये आले. रिकामी खोळ लेकीले द्याची नाई, म्हणाले. त्यात काहीतरी घाल.

ते बरोबर बोलत होते. भांडं असो की पिशवी, लेकीच्या हाती रिकामं देत नाहीत. मी घरात गेले. गहू घ्यावा तर कोठीत पावडर टाकलेली. तूर फवारलेली. सोयाबीन फवारलेलं. तांदूळ दुकानचा, कुठला कोण जाणे. हळद पुडीतली. भरलेल्या घरात मी उभी राहिले आणि एकेका डब्यावर हात ठेवून परत काढत गेले. ज्याच्याबद्दल छातीवर हात ठेवून सांगता येईल असं एक चिमूटभर मला सापडेना. बाहेरून जावयाचा हॉर्न वाजला. मी रडायच्या बेताला आले होते.

फळीवर चिंचेचा गोळा होता. नाल्यावरच्या झाडाची चिंच, मीच फोडलेली, मीच मीठ लावून ठेवलेली. ते झाड इतकं उंच आहे की कोणाचा पंप तिथवर पोचत नाही, आणि पोचला तरी चिंचेवर कोणी औषध वाया घालवत नाही. मी तो गोळा कागदात बांधला आणि खोळीत टाकला.

लेकीनं हात घालून पाहिला. "आई, लेकराच्या गादीत चिंच?"

"याले फवारा लागला नाई," मी म्हटलं. "हे मी सांगू शकते."

ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. आमचे हे गाडीच्या खिडकीपाशी उभे राहून नातीच्या पायाचा अंगठा धरून होते. गाडी हलली तेव्हा सोडला.

चिंच त्यांनी वरणात संपवली म्हणे. मागवलेली गादी आली, तिच्यावर मुलगी निजली. पुरळ पुढे गेलं, कशानं गेलं ते तिथल्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. नात आता पलंगावर आडवीतिडवी झोपते, त्या खोळीएवढी गादी तिला गुडघ्यापर्यंतही पुरायची नाही. तरी मी दरवर्षी यवतमाळला गेले की त्या हिरव्या पानाच्या दुकानात डोकावते आणि विचारते, आपल्याकडचा बिनफवाऱ्याचा कापूस आला का? पोरगा आता मला ओळखतो. मी पायरी चढायच्या आधीच नाही म्हणून मान हलवतो.